प्रौढ स्वमग्न व्यक्तींसाठी साहाय्यकार्य

प्रौढ स्वमग्न व्यक्तींसाठी साहाय्यकार्य म्हणजे स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या, वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींना निदान, संवाद, रोजगार, निवास, कायदेशीर पालकत्व आणि दैनंदिन जीवन यांत दिले जाणारे व्यावसायिक व सामाजिक पाठबळ होय. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित, बालपणापासून असणारी आणि आयुष्यभर टिकणारी अवस्था आहे. तिच्याविषयीच्या बहुतेक सेवा मात्र लहान मुलांभोवती उभ्या राहिल्या. शाळा संपते आणि त्याबरोबर साहाय्यही संपते, ही अडचण महाराष्ट्रासह जगाच्या अनेक भागांत आढळते.

हे कार्य प्रामुख्याने मानसशास्त्र, विशेष शिक्षण, व्यवसायोपचार आणि समाजकार्य या क्षेत्रांत मोडते. आशियाई देशांपैकी जपानने या विषयावर २००५ पासून स्वतंत्र कायदा अमलात आणला असून तेथील अनुभवाचा अभ्यास भारतासाठी उपयुक्त मानला जातो. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, जपानी भाषेच्या अध्यापनाची परंपरा असल्याने मानसशास्त्र आणि जपान-अभ्यास यांचा या कार्यात मेळ घालणे शक्य झाले आहे.

## संज्ञा

'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१०-११ च्या सुमारास 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवली. त्यांच्या लेखी ते स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण होते. मराठीत तिच्यासाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला असून काही लेखनात 'आत्ममग्नता' असाही शब्द आढळतो. जपानी भाषेत 'जिहेइशो' हा शब्द वापरतात. त्यातील 'जि' म्हणजे स्वतः, 'हेइ' म्हणजे बंद होणे आणि 'शो' म्हणजे विकार.

दोन्ही शब्दांमुळे एकाच प्रकारचा गैरसमज होतो. स्वमग्न व्यक्ती जाणूनबुजून स्वतःत रमलेली आहे किंवा तिने दार लावून घेतले आहे, असे त्यांतून सूचित होते. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न व्यक्तींना माणसांची ओढ असते. संवादाची आणि संवेदनांची पद्धत तेवढी वेगळी असते. जपानमध्ये या शब्दामुळे स्वमग्नतेची 'हिकिकोमोरी'शी, म्हणजे दीर्घकाळ घरात कोंडून घेण्याच्या सामाजिक समस्येशी, गल्लत होते. हिकिकोमोरी हा शब्द मनोविकारतज्ज्ञ साइतो तामाकी यांच्या १९९८ मधील पुस्तकामुळे सर्वपरिचित झाला. या दोन गोष्टी भिन्न आहेत. तथापि निदान न झालेली स्वमग्नता हे काही व्यक्तींच्या बाबतीत कोंडून घेण्यामागील एक कारण असू शकते.

## पार्श्वभूमी

सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये आज स्वमग्नतेशी जुळणारी वाटतील अशी वर्णने प्रसिद्ध केली होती. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदींवर आधारित निबंध लिहिला आणि १९४४ मध्ये व्हिएन्नातील हान्स अ‍ॅस्पर्गर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये अ‍ॅस्पर्गर यांच्या कामाकडे इंग्रजी वाचकांचे लक्ष वेधले. त्यानंतर चांगली बोलू शकणाऱ्या, शिक्षण पूर्ण केलेल्या व्यक्तीही स्वमग्न असू शकतात हे अधिक व्यापकपणे स्वीकारले गेले.

प्रौढपणाच्या दृष्टीने कॅनर यांचा १९७१ चा पाठपुरावा महत्त्वाचा ठरतो. १९४३ मधील ११ मुलांचे पुढे काय झाले याचा त्यांनी त्यात शोध घेतला. मोठ्या सरकारी संस्थांत आयुष्य काढलेल्यांची स्थिती खालावलेली दिसली. याउलट 'पहिला रुग्ण' म्हणून नोंदलेले डोनाल्ड ट्रिपलेट मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या आपल्या छोट्या गावी राहिले. त्यांनी बँकेत नोकरी केली, ते मोटार चालवायला शिकले आणि गावाने त्यांना त्यांच्या सवयींसह सामावून घेतले. २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती चांगली असणे हेही त्यामागील एक कारण होते. तरीही प्रौढ स्वमग्न व्यक्तीचे आयुष्य तिच्या लक्षणांइतकेच भोवतालच्या माणसांवर अवलंबून असते, याचे उदाहरण म्हणून ट्रिपलेट यांचा उल्लेख केला जातो.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ मधील निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत पूर्वीचे उपप्रकार एकत्र करून 'स्वमग्नता वर्णपट विकार' हे एकच निदान ठेवण्यात आले. लक्षणे बालपणीच असली, तरी सामाजिक अपेक्षा वाढेपर्यंत ती पूर्णपणे दिसून येतीलच असे नाही, हेही त्यात नमूद आहे. यामुळे महाविद्यालयात, नोकरीत किंवा विवाहानंतर प्रथमच होणाऱ्या निदानाला आधार मिळाला.

## प्रौढपणातील प्रश्न

प्रौढ स्वमग्न व्यक्तींच्या गरजा एकसारख्या नसतात. काहींना बोलता येत नाही आणि आंघोळ, जेवण अशा गोष्टींतही मदत लागते. काहींनी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते, पण मुलाखतीत किंवा कार्यालयातील गप्पांत त्या अडखळतात. सर्वसाधारणपणे पुढील प्रश्न समोर येतात:

* निदान: बालपणी निदान न झालेल्यांना अनेकदा आधी चिंता किंवा नैराश्याचे उपचार मिळतात आणि मूळ अवस्था लक्षात येत नाही. विशेषतः स्त्रिया इतरांचे अनुकरण करून आपल्या अडचणी झाकतात, त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होते.
* संवेदना: कुकरची शिट्टी, ढोल-ताशे, फटाके, ट्यूबलाइटची लुकलुक, कपड्याची शिवण अशा गोष्टी असह्य होऊ शकतात. लहान मूल कानांवर हात ठेवते तेव्हा लोक समजून घेतात. तीच कृती तिशीतील पुरुषाने केली तर लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात.
* रोजगार: कामाचे कौशल्य असूनही मुलाखत, अचानक बदलणारे वेळापत्रक किंवा संदिग्ध सूचना यांमुळे नोकरी टिकत नाही.
* आरोग्य: फेफरे, निद्रानाश आणि चिंताविकार यांचे प्रमाण स्वमग्न व्यक्तींत अधिक आढळते. दुखते कोठे हे सांगता न आल्याने साधे आजारही लक्षात येत नाहीत आणि वर्तनातील बदलाला 'हट्ट' समजले जाते.
* पालकांनंतरची व्यवस्था: आई-वडील थकल्यावर किंवा त्यांच्या मृत्यूनंतर सांभाळ कोणी करायचा, हा बहुतेक कुटुंबांपुढील सर्वांत मोठा प्रश्न आहे.

शेवटच्या प्रश्नासाठी महाराष्ट्रातील पालकांच्या तोंडी 'आमच्यामागे याचे काय?' असे वाक्य असते. जपानमध्ये याच आशयाचा 'ओया नाकी आतो', म्हणजे 'पालक नसतील त्यानंतर', हा शब्दप्रयोग अपंगत्वविषयक चर्चेत रूढ आहे. दोन्ही समाजांत सांभाळाची पहिली जबाबदारी कुटुंबाचीच मानली जाते, त्यामुळे प्रश्नाची मांडणीही सारखी होते. जपानी मनोविश्लेषक दोइ ताकेओ यांनी १९७१ मधील आपल्या पुस्तकात 'अमाए' ही संकल्पना मांडली. जवळच्या माणसाच्या मायेवर हक्काने विसंबणे, असा तिचा अर्थ सांगता येतो. मराठी कुटुंबजीवनाला ती अपरिचित नाही. प्रौढ अपत्याला आधार देणारी हीच माया त्याला स्वतंत्र निर्णयाची संधी नाकारण्यासही कारणीभूत होऊ शकते, हा साहाय्यकार्यातील एक नित्याचा पेच आहे.

## महाराष्ट्रातील स्थिती

### कायदेशीर चौकट

भारतात स्वमग्नतेचा कायद्यात ठळक समावेश प्रथम राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी हा कायदा आहे. व्यक्ती १८ वर्षांची होऊन सज्ञान झाली की आई-वडील तिचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. बँक, मालमत्ता किंवा शस्त्रक्रियेची संमती अशा बाबींसाठी मग कायदेशीर पालकाची गरज भासते. या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती अशा पालकाची नेमणूक करते. समितीत नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती यांचाही समावेश असतो. न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याची तरतूद आहे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ झाली आणि स्वमग्नतेचा समावेश झाला. शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण असून त्यातील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांच्यासाठी एकत्रित आहे. खासगी आस्थापनांवर असे बंधन नाही. या कायद्याच्या कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्वा'ची संकल्पना आहे. तीनुसार पालकाने व्यक्तीच्या वतीने परस्पर निर्णय न घेता तिच्यासह निर्णय घेणे अपेक्षित असते. १९९९ च्या कायद्यातील व्यापक पालकत्व आणि २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्व यांचा मेळ कसा घालावा, हा चर्चेचा विषय आहे.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी 'भारतीय स्वमग्नता मूल्यांकन श्रेणी' वापरली जाते. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने ती विकसित केली. तीत ६ क्षेत्रांतील ४० बाबी असून एकूण गुण ४० ते २०० या दरम्यान असतात. ७० पेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि १५३ पेक्षा अधिक तीव्र, असे वर्गीकरण आहे. राज्य शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. 

### संस्था आणि पालक संघटना

देशपातळीवर स्वमग्नतेसाठीचे संघटित कार्य दिल्लीतील 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेपासून वाढले. महाराष्ट्रात मुंबईतील 'फोरम फॉर ऑटिझम' ही पालकांची संघटना, २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी स्थापन केलेले 'उम्मीद' बालविकास केंद्र आणि पुण्यातील 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' या संस्था परिचित आहेत. ठाण्यातील 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेने १९९० पासून मानसिक आरोग्याविषयी मराठीतून लोकशिक्षण केले आहे.

प्रौढांच्या निवासाचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या पालकांनी हाती घेतला. बदलापूर येथील 'आधार', डोंबिवलीजवळील खोणी येथील अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' आणि पुण्याजवळील मारुंजी येथील 'नवक्षितिज' ही त्याची उदाहरणे आहेत. 'आमच्यामागे काय' या प्रश्नाला पालकांनी स्वतः दिलेले हे उत्तर आहे. मात्र स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता एकच नव्हेत. बौद्धिक अक्षमता नसलेल्या स्वमग्न प्रौढाला अशा निवासी व्यवस्थेत सामावणे अवघड जाते आणि त्याच्यासाठी वेगळ्या सोयी तुरळक आहेत.

### ग्रामीण भाग

मूल्यांकन, उपचार आणि प्रशिक्षणाच्या सोयी मुख्यतः मुंबई, ठाणे आणि पुणे परिसरात एकवटलेल्या आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूरसारख्या गावातील कुटुंबाला कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या समितीकडे अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्राच्या तपासणीसाठीही गावाबाहेर जावे लागते. गर्दीचा प्रवास आणि रुग्णालयातील ताटकळणे हेच संवेदनशील व्यक्तीला सर्वांत कठीण जाते.

शहरी परिस्थितीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक सूचना गावात जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हेही या गावाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. स्वमग्न व्यक्ती अचानक घराबाहेर निघून जाण्याचा धोका असेल, तर दाराला विशेष कडी किंवा कुलूप लावावे, अशी सूचना सर्रास केली जाते. शनिशिंगणापूर हे घरांना दारे व कुलपे नसण्याच्या परंपरेसाठीच प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी ओळखपत्र, शेजाऱ्यांना दिलेली पूर्वकल्पना आणि विहिरी व वर्दळीच्या रस्त्यांविषयीचे प्रशिक्षण यांवर भर द्यावा लागतो. शनी अमावास्येच्या यात्रेसारख्या दिवशी गर्दी आणि गोंगाट यांपासून दूर अशी शांत जागा आधीच ठरवणे उपयोगी ठरते. दुसरीकडे रुईच्या पानांच्या माळा करणे, पूजासाहित्याच्या पिशव्या भरणे अशी देवस्थानाच्या गावांत असणारी, क्रम ठरलेली कामे अनेक स्वमग्न व्यक्तींना जमण्याजोगी असतात. कामाचे टप्पे चित्रांत दाखवणे, सुरुवात व शेवट स्पष्ट ठेवणे आणि जागा न बदलणे, ही त्यासाठीची पद्धत अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून राबवलेल्या कार्यक्रमातून विकसित झाली.

## जपानमधील व्यवस्था

जपानमध्ये १९५२ मध्ये स्वमग्नतेच्या पहिल्या रुग्णाची माहिती सादर झाली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. टोकियोतील मुसाशिनो हिगाशी या शाळेत किताहारा कियो यांनी स्वमग्न व इतर मुलांना एकत्र शिकवण्याची आणि व्यायाम व दिनक्रमावर भर देणारी पद्धत विकसित केली. शॉप्लर यांच्या पद्धतीचा जपानमधील प्रसार मनोविकारतज्ज्ञ सासाकी मासामी यांनी केला.

बौद्धिक अक्षमता नसलेल्या स्वमग्न व्यक्तींना जपानमध्येही दीर्घकाळ कोणत्याच योजनेचा लाभ मिळत नव्हता. 'व्यवस्थांमधील दरी' असे त्या स्थितीला म्हटले जाई. ती दूर करण्यासाठी डिसेंबर २००४ मध्ये 'विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या साहाय्याचा कायदा' संमत झाला आणि १ एप्रिल २००५ पासून अमलात आला. २०१६ मध्ये त्यात सुधारणा झाली. बालपणापासून प्रौढपणापर्यंत अखंड साहाय्य हे या कायद्याचे सूत्र असून त्यानुसार प्रत्येक प्रांतात साहाय्य केंद्रे आहेत. या व्यवस्थेचे प्रमुख घटक असे:

* लवकर ओळख: दीड वर्षे आणि तीन वर्षे वयाच्या मुलांची आरोग्य तपासणी नगरपालिकांना कायद्याने बंधनकारक आहे.
* रोजगार: ठराविक आकाराच्या आस्थापनांनी ठराविक टक्के अपंग कर्मचारी नेमणे बंधनकारक आहे. हे बंधन १९७६ मध्ये शारीरिक, १९९८ मध्ये बौद्धिक आणि २०१८ मध्ये मानसिक अपंगत्वाच्या संदर्भात लागू झाले. विकासात्मक अपंगत्व तिसऱ्या गटात मोडते. एप्रिल २०२४ मध्ये खासगी कंपन्यांसाठी हे प्रमाण २.५ टक्के करण्यात आले.
* कामाचे प्रशिक्षण: खुल्या नोकरीपूर्वीचे प्रशिक्षण साधारणतः दोन वर्षांपर्यंत मिळते. नोकरीच्या ठिकाणी सोबत राहून काम शिकवणाऱ्या 'जॉब कोच'ची व्यवस्था २००२ पासून आहे.
* निवास: वस्तीतील लहान गटनिवासांत काही व्यक्ती मदतनिसांसह एकत्र राहतात.
* उत्पन्न: पात्र व्यक्तीला वयाच्या २० व्या वर्षापासून अपंगत्व निवृत्तिवेतन मिळू शकते.

## भाषा आणि संवाद

स्वमग्नतेतील संवादाच्या अडचणी प्रत्येक भाषेत वेगळे रूप घेतात. त्यामुळे इंग्रजीतील निष्कर्ष थेट मराठीत उतरवता येत नाहीत आणि इंग्रजीबाहेरील भाषांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारणे, ही स्वमग्न मुलांत आढळणारी लकब आहे. 'पाणी पाहिजे का?' असे मूल म्हणते तेव्हा त्याला 'मला पाणी हवे आहे' असे सांगायचे असू शकते. इंग्रजीत 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल हे ठळक लक्षण मानले जाते. जपानीत सर्वनामे बहुधा गाळली जातात, त्यामुळे तेथे हीच अडचण वेगळ्या जागी दिसते. घरी परतणाऱ्याने 'तादाइमा' म्हणायचे आणि घरातल्याने 'ओकाएरी' म्हणायचे, असा रिवाज आहे. स्वमग्न मूल स्वतः घरी येताना 'ओकाएरी' म्हणते. मराठीत निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याची रीत आहे. शब्दाचा सरळ अर्थ घेणाऱ्याला ती तितकीच गोंधळात टाकणारी आहे.

प्रौढपणी अप्रत्यक्ष बोलणे हा मोठा अडथळा ठरतो. मराठीतील 'बघू' हा अनेकदा नकार असतो. जपानी कार्यालयातील 'केन्तो शिमासु', म्हणजे 'विचार करतो', हाही बहुतेक वेळा नकारच असतो. न बोललेले ओळखण्याला जपानीत 'हवा वाचणे' असे म्हणतात आणि ते न जमणाऱ्याला समाजात नाके मुरडली जातात. म्हणून साहाय्यकर्ता वरिष्ठांना व सहकाऱ्यांना स्पष्ट बोलण्याचा सल्ला देतो. उदाहरणार्थ, 'जरा लवकर ये' याऐवजी 'सकाळी ९ वाजता ये' असे सांगणे.

बोलींविषयीचे एक जपानी संशोधन या संदर्भात उल्लेखनीय आहे. उत्तर जपानमधील आओमोरी प्रांतात त्सुगारू ही बोली बोलली जाते. स्वमग्न मुले ही बोली बोलत नाहीत, असे बालतपासणीच्या कामात असलेल्या पत्नीने म्हटल्यावर मानसशास्त्रज्ञ मात्सुमोतो तोशिहारू यांना ते प्रथम पटले नाही. पुढे अनेक वर्षे केलेल्या पाहण्यांत, स्वमग्न व्यक्ती इतरांच्या तुलनेत बोलीचा वापर कमी करतात आणि प्रमाण जपानीकडे झुकतात, असा शिक्षक व साहाय्यकर्त्यांचा अनुभव इतर प्रांतांतही आढळला. हे निष्कर्ष त्यांनी २०१७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. माणसांकडून येणारी बोली आणि दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांतून येणारी प्रमाण भाषा यांपैकी कोणती उचलली जाते, असा प्रश्न त्यातून पुढे आला. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी यांसारख्या बोलींच्या प्रदेशात हाच प्रश्न विचारता येतो. घरात कोणी बोलत नाही अशी 'पुस्तकी' मराठी बोलणाऱ्या मुलाकडे किंवा तरुणाकडे कौतुकाने पाहिले जाते, पण निदानाच्या दृष्टीने ती एक खूण असू शकते.

स्वमग्न अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये 'दुहेरी सहानुभूती'चा सिद्धांत मांडला. त्यानुसार गैरसमज एकतर्फी नसतो. स्वमग्न नसलेल्यांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन ओळखता येत नाही. जपानमध्ये याच दिशेने 'तोजिशा केनक्यू', म्हणजे 'ज्याचा प्रश्न त्यानेच केलेले संशोधन', ही पद्धत विकसित झाली. तिचा उगम २००१ मध्ये होक्काइदोतील उराकावा येथील 'बेथेल हाउस' या मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या वसाहतीत झाला. स्वतः स्वमग्न असलेल्या आयाया सात्सुकी आणि बालरोगतज्ज्ञ कुमागाया शिन्इचिरो यांनी २००८ मधील पुस्तकाद्वारे ती विकासात्मक अपंगत्वाच्या क्षेत्रात आणली.

## व्यवसाय आणि शिक्षण

दुहेरी गैरसमजाचा विचार स्वीकारला, तर साहाय्यकर्त्याचे काम उपचार करणाऱ्यापेक्षा दुभाष्याच्या अधिक जवळ जाते. मानसशास्त्र आणि परकीय भाषेचा अभ्यास हे वरकरणी दूरचे विषय या ठिकाणी एकत्र येतात.

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक इत्यादी पुनर्वसन व्यावसायिकांची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. केवळ मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी असल्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही. परिषदेची मान्यता असलेले व्यावसायिक प्रशिक्षण आवश्यक असते. जपानमध्ये 'कोनिन शिनरिशी' या राष्ट्रीय अर्हतेचा कायदा २०१५ मध्ये संमत झाला आणि पहिली परीक्षा २०१८ मध्ये झाली.

जपानी भाषेसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही पुण्यातील प्रमुख केंद्रे आहेत. भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा एन-५ ते एन-१ अशा पाच स्तरांवर होते. मात्सुमोतो किंवा आयाया यांच्यासारख्यांचे लेखन, शासकीय मार्गदर्शिका आणि पालक संघटनांचे साहित्य मुळातून वाचण्यासाठी वरच्या स्तरांची तयारी लागते. पुण्यातून जपानी शिकणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा ओढा माहिती तंत्रज्ञान, वाहन उद्योग आणि अनुवादाकडे असतो. समाजसेवेच्या क्षेत्रातील वापर त्या मानाने मर्यादित आहे.

अशा दुहेरी अभ्यासाचा एक थेट उपयोग जपानमधील मराठी कुटुंबांना होऊ शकतो. टोकियोच्या एदोगावा प्रभागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्या प्रभागाच्या सभेवर निवडून आले. बालतपासणीतील सूचना, शाळेची निवड किंवा अपंगत्वाच्या दाखल्याचे अर्ज या सर्व गोष्टी जपानीतून होतात. त्यात केवळ शब्दांचे भाषांतर पुरेसे नसते. 'थोडे लक्ष ठेवून पाहू या' या अधिकाऱ्याच्या सौम्य वाक्यामागील गांभीर्य पालकांपर्यंत पोहोचवावे लागते.

## मर्यादा आणि टीका

जपानी व्यवस्था आदर्श म्हणून जशीच्या तशी स्वीकारण्यास अनेकांचा आक्षेप आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक समितीने जपानला वेगळ्या विशेष शिक्षणाची पद्धत आणि मोठ्या निवासी संस्था बंद करण्याची शिफारस केली. २६ जुलै २०१६ रोजी सागामिहारा येथील अपंगांच्या निवासी संस्थेत एका माजी कर्मचाऱ्याने १९ जणांची हत्या केली. या घटनेनंतर अपंग व्यक्तींना समाजापासून दूर ठेवण्याच्या पद्धतीवर तेथे तीव्र चर्चा झाली. कुटुंबात राहूनही एकाकीपणा टळतोच असे नाही, हेही दिसून आले आहे. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने २०१९ मध्ये ४० ते ६४ वयोगटात सुमारे ६ लाख १३ हजार हिकिकोमोरी व्यक्ती असल्याचा अंदाज जाहीर केला. ऐंशीच्या घरातील पालक आणि पन्नाशीतील अपत्य यांच्या या स्थितीला तेथे '८०५० प्रश्न' असे नाव आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात कायद्यातील हक्क आणि प्रत्यक्ष सेवा यांतील अंतर हा मुख्य आक्षेप आहे. जपानी व्यवस्थेचा पाया नगरपालिकांचा निधी आणि कर्मचारीवर्ग हा आहे. तो नसताना केवळ पद्धती आयात करून उपयोग होत नाही. उलट एकत्र कुटुंब, शेजार आणि गावातील ओळख ही महाराष्ट्रातील जमेची बाजू मानली जाते. मात्र तिच्यावरच सर्व भार टाकल्यास तो प्रामुख्याने आई, बहीण किंवा वहिनी यांच्यावर पडतो आणि स्वतः स्वमग्न व्यक्तीचे मत विचारले जात नाही. त्यामुळे प्रौढ स्वमग्न व्यक्तीला 'कोणाकडे ठेवायचे' यापेक्षा 'तिला कोठे आणि कोणाबरोबर राहायचे आहे' हा प्रश्न आधी विचारावा, अशी भूमिका अपंगांच्या हक्कांच्या चळवळीने घेतली आहे.

## हे सुद्धा पहा

* स्वमग्नता
* जागतिक स्वमग्नता जागृती दिन (२ एप्रिल)
* दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६
* राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९
* हिकिकोमोरी
* जपानी भाषा
* शनिशिंगणापूर